चार महिन्यांच्या बाळाशी दिवसभर काय खेळायचं?

डिचोलीची_सून
नमस्कार मंडळी. लेक चार महिन्यांची झाली. माझं माहेर कोल्हापूर, सासर गोव्यात डिचोली. नवरा जहाजावर असतो, चतुर्थीच्या आधी येईल. घरात मी, सासूबाई, आजेसासूबाई आणि ही.

मैत्रिणीने एक ॲप सुचवलं. त्यात रोज सकाळी खेळांची यादी येते. काळी-पांढरी चित्रं दाखवा, पालथं घाला, घंटा वाजवा, वेगवेगळ्या कापडांचा स्पर्श द्या. संध्याकाळपर्यंत झाले नाहीत की लाल खूण दिसते, आणि ते होत नाहीतच. ती दूध पिते, झोपते, उठली की मालीश-आंघोळ, परत झोप. जागी आहे आणि खुशीतही आहे असा वेळ थोडाच मिळतो, तेवढ्यात मी त्या चित्रांचा गठ्ठा शोधत असते. सासूबाई म्हणतात, "आमी खंय कार्डां दाखयल्लीं?"

तर प्रश्न असा, की या वयात काय खेळावं आणि कशाने खरंच फरक पडतो? शिवाय पालथं घातलं की दोन मिनिटांत रडायला लागते, त्याला काय करावं? आणि बाबाशी रोज व्हिडिओ कॉल होतो, तो 'स्क्रीन'मध्ये धरायचा का? अनुभव सांगा प्लीज.

कुळागर
आधी त्या लाल खुणेची सूचना बंद कर.

ती काळी-पांढरी चित्रं अगदी नवजात बाळासाठी असतात. जन्मल्यावर बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच जरा स्पष्ट दिसतं, आणि तेही ठळक फरक असेल तर. छातीशी धरलेल्या बाळापासून आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. चौथ्या महिन्यात रंग चांगले दिसायला लागतात, लांबचंही दिसतं, हलत्या वस्तूमागे नजर जाते. आता तिला कार्डं कशाला? मागच्या दारी घेऊन बस. वाऱ्यावर हलणारी झावळी, दोरीवर वाळत टाकलेली लाल साडी, मांजर. तिची नजर कुठे थांबते ते बघ आणि त्याच गोष्टीबद्दल तिच्याशी बोल.

पेडण्याचो_भाऊ
कुळागर +१. आमच्या घरी सकाळचा पहिला खेळ पोदेर (पाववाला) घेतो. सायकलचा भोंगा वाजला की लेक हातपाय हलवायचा थांबतो, डोळे मोठे करतो आणि दाराकडे मान वळवतो. मग मी त्याला घेऊन पायरीवर जातो, उंडे घेतो, एक त्याच्या नाकाजवळ धरतो. आवाज, वास, गरम पावाची ऊब, अनोळखी माणूस, सगळं एका फेरीत. पोदेरही आता त्याच्यासाठी मुद्दाम दोनदा भोंगा वाजवतो.

थेरपीवाली_ताई
मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते, म्हणून पालथं घालण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की रांगायला न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं. 'मिळून' हा शब्द लक्षात ठेव. सलग अर्धा तास कुणीच मागत नाहीये. दोन-दोन, तीन-तीन मिनिटं धरत गेलीस तरी चालतं. आणि चटईवरच हवं असंही नाही. तू मागे टेकून बस आणि तिला छातीवर पालथी ठेव, तुझा चेहरा बघायला ती मान वर उचलेल. मांडीवर आडवी पालथी घे. चटईवर ठेवताना छातीखाली टॉवेलची गुंडाळी दे, कोपर खांद्यांच्या खाली आण आणि तू स्वतः समोर पालथी पड. बाळं बहुतेकदा एकटी पडली म्हणून रडतात. दूध पाजल्यावर लगेच करू नकोस. रडायला लागली की उचल, हट्ट करू नको.

यातून मान, खांदे, पाठ यांना बळ येतं, पुढे कुशीवर वळणं, बसणं, रांगणं सगळं त्याच्यावर उभं राहतं. झोपवताना मात्र कायम पाठीवर. पालथं फक्त जागेपणी, आणि आपली नजर असताना.

साखळीची_आजी
पोरी, तुझी सासू न्हाऊ घालते ना बाळाला? पाय पसरून बसते आणि बाळाला पायांवर पालथं घेऊन पाठीला तेल लावते? मग ते बाळ रोज पालथं पडतंच आहे की. आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं. न्हाणवताना मी नातवंडांशी सगळं बोलायची, आता हात, आता बोटं, आता पाठ, आता पाणी येतंय हां. पाणी घालण्याआधी थांबायची. चार-पाच महिन्यांची झाली की पोरं त्या थांबण्यावरच हसायला लागतात. पुढे काय येणार ते त्यांना कळतं.

थेरपीवाली_ताई
आजी, अगदी खरं! तेल लावतानाचं पालथं पडणं धरायचंच. आणि पाण्याआधी थांबणं हा तर उत्तम खेळ आहे, बाळ पुढच्या गोष्टीची वाट बघायला शिकतं.

मालीशबद्दल एक सांगते, कारण आमच्याकडे अशी बाळं येतात. हात हलका हवा. नाकात-कानात तेल घालणं, नाक ओढून सरळ करणं, छाती पिळणं, पाय धरून उलटं लटकवणं यातलं काहीही नको. बाळ तोंड फिरवतंय, अंग ताठ करतंय, रडतंय, तर त्या दिवशी मालीश तिथेच संपवावी. न्हाऊ घालणारी बाई कितीही अनुभवी असली तरी.

साखळीची_आजी
नाक ओढणं मीही कधी करू दिलं नाही. पण हलका हात म्हणजे नुसतं कुरवाळणं नव्हे. अंग मोकळं व्हायला हवं, तरच झोप लागते बाळाला.

मांडवी
भाषेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. डिचोलीची_सून, तू कोल्हापुरी मराठीत बोल, सासूबाईंना कोंकणीत बोलू दे. बाळ गोंधळेल म्हणून एकच भाषा ठेवा असं तुला कुणीतरी नक्की सांगेल. ऐकू नकोस. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही.

याबाबतीत मला फार आवडणारा एक प्रयोग आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांना तो ऐकू येईनासा झाला, कारण घरात तो कुणी बोलत नव्हतं. म्हणजे बाळ गप्प पडून असतं तेव्हाही कोणते आवाज आपल्या कामाचे हे त्याचे कान निवडत असतात. दोन्ही भाषा तिच्या कानावर पडू देत, पण माणसांच्या तोंडून.

पेडण्याचो_भाऊ
माणसांच्या तोंडून का? आमच्याकडे टीव्हीवर दिवसभर बालगीतं चालू असतात, लेक बघतोही टक लावून.

मांडवी
टक लावून बघतो, पण त्यातून भाषा शिकत नाही. पॅट्रिशिया कुल यांचा २००३ चा प्रयोग आहे. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांच्या एका गटाशी चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं दाखवत बोलली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांची रेकॉर्डिंग टीव्हीवर दाखवली. पहिला गट चिनी आवाज ओळखायला शिकला, टीव्हीवाला अजिबात नाही. टीव्ही वाट बघत नाही ना भाऊ. बाळ 'आऽ' म्हणालं म्हणून तो थांबत नाही. आपण थांबतो, 'हो का गं?' म्हणतो, मग ते परत 'आऽ' म्हणतं. हार्वर्डचं बालविकास केंद्र याला टेनिसची भाषा वापरतं, बाळाने सर्व्हिस करायची, आपण चेंडू परत द्यायचा.

जागतिक आरोग्य संघटनाही एक वर्षापर्यंत स्क्रीन नकोच म्हणते.

खलाशी_बाबा
व्हिडिओ कॉलबद्दल मला लिहायचंय, कारण मी त्या बाजूला असतो. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१६ मध्ये अठरा महिन्यांखालच्या मुलांना स्क्रीन टाळा असं सांगितलं, पण व्हिडिओ कॉल त्यातून वगळला. समोरचा माणूस उत्तर देतो, हेच कारण.

आम्ही नवरा-बायकोने एक पद्धत बसवली. मी फोनवर म्हणायचो, "बाबा आता पोटाला गुदगुल्या करणार," आणि बायको तिकडे गुदगुल्या करायची. माझा आवाज आणि तिचा हात. मी डोळ्यांवर हात ठेवून 'भॉक' करायचो, मग ती पदराआडून करायची. कॉल आखूड ठेवायचा, बाळ झोपेला आलेलं असताना करायचा नाही. रेंज गेली की चित्र थिजतं आणि बाळ बावरतं, तेव्हा सरळ कॅमेरा बंद करून नुसतं बोलायचं. मी लेकीला रोज एकच ओवाळणीचं गाणं म्हणायचो. घरी पोचलो तेव्हा ती मला बघून रडली, पण मी ते म्हणायला लागल्यावर गप्प होऊन ऐकत राहिली. नवऱ्याला सांग, घरी आल्यावर पहिले काही दिवस लगेच उचलून घेऊ नकोस. तिच्या आईशेजारी बस, तीच येईल.

कुळागर
खलाशी_बाबा, हे वाचून डोळे भरून आले. गोव्यात अशी किती घरं आहेत.

माटोळी
स्पर्शाचे खेळ हवे असतील तर आषाढात माशेलला चिखलकालोच्या उत्सवाला घेऊन जा, सगळी कापडं एकदम विसरेल :)

(बाळाला नाही, नवऱ्याला. बाळाला दुरून दाखवा.)

पेडण्याचो_भाऊ
माटोळी, आमचा लेक दोन वर्षांचा झाला की मी त्याला चिखलात सोडणार आहे, लिहून ठेव!

रानमोगरा
खेळण्यांवर पैसे घालवू नका हो. स्टीलची वाटी, लाकडी डाव, घासून गुळगुळीत केलेली करवंटी, सुती पंचा. चार महिन्यांत बाळ वस्तूकडे हात झोकतं, हातात दिली तर धरतं आणि थेट तोंडात घालतं. तोंडात घालणं हाच त्यांचा तपास असतो, त्यासाठी ओरडू नये, धुऊन द्यावं. विकत घ्यायचंच तर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर ती सक्तीची आहे. सावंतवाडीची लाकडी फळं सुंदर असतात, पण ती मांडून ठेवायची. देठ निघतो, रंगाची खात्री नसते. बाळाच्या तोंडात ती नकोत.

कुणाकडे पाळण्यावरचं चिमणाळं आहे का अजून? कॅरोलिन रोव्ही-कोलियर नावाच्या अमेरिकन बाईंनी त्यावरच प्रयोग केले होते. बाळाच्या पायाला फीत बांधून तिचं दुसरं टोक वर टांगलेल्या खेळण्याला जोडायचं. पाय झाडला की खेळणं हलतं, हे दोन-तीन महिन्यांच्या बाळांना काही मिनिटांत कळतं आणि ती जोरजोरात पाय झाडतात. तीन महिन्यांच्या बाळांना ते आठवडाभर आठवलं! मी बाळाला हातावर धरून त्याच्या पायाने लटकती घंटी वाजवू द्यायचे. पायाला दोरी बांधून बाळाला एकटं सोडायचं मात्र कधीच नाही, आणि बाळ पाच महिन्यांचं झालं किंवा हात-गुडघ्यांवर उठायला लागलं, जे आधी होईल तेव्हा चिमणाळं पाळण्यावरून काढायचं.

थेरपीवाली_ताई
दोरीबद्दल रानमोगराशी शंभर टक्के सहमत.

गोमेकॉची_आठवण
सगळ्यांचं वाचलं. मला जरा वेगळं सांगायचंय. माझा मुलगा दोन महिने आधी जन्मला. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्याला आम्ही दोघं आळीपाळीने उघड्या छातीवर घेऊन बसायचो. कांगारू पद्धत म्हणतात तिला, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. घरी आल्यावर शेजारची बाळं हसत होती आणि हा नाही, तेव्हा फार जीव कासावीस व्हायचा. मग डॉक्टरांनी वय मोजायला शिकवलं. आधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत ठरलेल्या तारखेपासून धरायचं. तसं धरलं तर तो अगदी वेळेवर होता.

म्हणून तक्ते तुलनेसाठी नकोत, पण अजिबातच नकोत असंही नाही. चार महिने पूर्ण झाल्यावर बाळ हलत्या वस्तूमागे नजर फिरवत नसेल, माणसं बघून हसत नसेल, मान स्थिर धरत नसेल, आवाज काढत नसेल, हात तोंडाकडे नेत नसेल तर 'आमच्याकडे सगळेच उशिरा' म्हणून थांबू नका, दाखवून घ्या. पोदेरच्या भोंग्याकडे मान वळवली हे छानच, पण त्याने कानांची तपासणी झाली असं होत नाही. जन्मल्यावर महिन्याच्या आत चाचणी, शंका असेल तर तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार असा दंडक आहे.

पेडण्याचो_भाऊ
ताई, जन्मल्यावर केली होती चाचणी. तरी तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, भावाच्या बाळाची राहिली आहे. आजच फोन करतो.

अंगणवाडीतली
मी सत्तरी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. महिला व बालविकास मंत्रालयाचा 'नवचेतना' नावाचा आराखडा २०२४ मध्ये आला, जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. छत्तीस महिन्यांचं कॅलेंडर आणि १४० खेळ आहेत. बहुतेक सगळे घरातल्या वस्तूंचे. दवाखान्यातून मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डातही कोणत्या वयात काय यायला हवं ते चित्रांसकट असतं, लसींचं पान सोडून कुणी ते उलटत नाही. ॲपपेक्षा ते कार्ड बघ.

आमच्याकडे आया बाळाला घेऊन कामाला जातात. भाजी निवडताना बाळ मांडीवर, धुणं वाळत घालताना कडेवर. कडेवर पाय फाकवून बसणं बाळाच्या खुब्यांसाठीही चांगलं, आणि त्याला सगळं जग आपल्या उंचीवरून दिसतं. ही काय कमी ॲक्टिव्हिटी आहे?

साखळीची_आजी
देव भलं करो बाय तुझं.

तिसवाडीकर
पुढचं विचारतो. आमचा सात महिन्यांचा आहे, आई वॉकर आणायचं म्हणतेय.

थेरपीवाली_ताई
नको. त्यात बसून बाळ बोटांवर ढकलत फिरतं, तोल सांभाळायला शिकत नाही, चालणं लवकर येत नाही. आणि पायऱ्या, चूल, गरम पेजेचं भांडं, सगळीकडे पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली. जमिनीवर मोकळं सोडा.

साखळीची_आजी
आणि पांगुळगाडा?

थेरपीवाली_ताई
तो वेगळा. त्यात बाळ बसत नाही, स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. धरून उभं राहायला लागल्यावर, सपाट जागेत, कुणी सोबत असताना चालेल.

रानमोगरा
माझी दुसरी मुलगी रांगलीच नाही. बसूनच सरकायची, मग एकदम उभी राहिली. सगळ्यांनी घाबरवलं होतं.

मांडवी
अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये बाळाला कधी काय यावं याच्या आपल्या यादीतून रांगणं काढलंच.

थेरपीवाली_ताई
हो, आणि त्यावर आमच्या क्षेत्रात अजून वाद चालू आहेत. मला स्वतःला ते पटलेलं नाही. रांगताना दोन्ही हात-पाय आलटून पालटून चालतात, हातांवर वजन पडतं. न रांगता चाललेली बाळं ठीक असतात, तरी मी रांगायला जागा करून द्याच म्हणेन. टाइल्स निसरड्या असतात, चटई किंवा गोधडी घाला, पायमोजे काढा.

डिचोलीची_सून
किती लिहिलंत सगळ्यांनी! ॲप काढून टाकलं. आजींनी सांगितलेलं थांबणं सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "तें हांव करतांच." आणि खरंच करतात, मीच कधी न्हाणीत उभी राहून बघितलं नव्हतं. काल तांब्या वर धरून थांबल्या, तर ही पाय आपटून हसली. पालथं आता माझ्या छातीवर चालतं, रडत नाही. बाबाच्या कॉलवर गुदगुल्यांची पद्धत सुरू केली आहे, तो तिकडे आमच्यापेक्षा जास्त हसतो.

एक राहिलंच. माझी २६ आठवड्यांची रजा संपत आली. ऑफिस पणजीला, जाऊन-येऊन दिवस जातो. संध्याकाळी ती पेंगुळलेली असणार. मग माझ्या वाट्याला खेळ कधी येणार?

कुळागर
सकाळचं दूध आणि संध्याकाळी घरी आल्यावरचं पहिलं दूध, हे दोन वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेव. बाकी काही ठरवू नको. पेंगुळलेली असेल, तोंड फिरवत असेल, जांभया देत असेल तर नुसती अंगावर घे, खेळवू नको. आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते, २०१७ च्या दुरुस्तीपासून. विचारून बघ, हक्काचं आहे.

अंगणवाडीतली
रविवारी न्हाऊ तू घाल. सासूबाई शेजारी बसून सांगतील कसं ते.

साखळीची_आजी
हे बरोबर. आणि आजेसासूबाईंच्या मांडीवर रोज थोडा वेळ दे बाळाला. त्यांना फार वेळ उचलून धरवत नसेल तर पाठीला उशी लावून बसव. म्हाताऱ्या माणसाला घाई नसते, ती एकच गोष्ट वीस वेळा सांगते, आणि बाळाला तेच हवं असतं.

तिसवाडीकर
वॉकरचं आईला पटवलं. पण तिला आता पांगुळगाडा हवाय, लाकडीच. कुंकळ्ळीला लाखेचं काम करणारे चितारी अजून करतात का? कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माटोळी
माझी मावशी कुंकळ्ळीची. उद्या विचारून कळवते. रंग न लावलेला मागू का?

तिसवाडीकर
हो, दांडीला तरी नको. हा तीच चावणार.